मृत्युपत्र म्हाताऱ्याचे, पोराचे नव्हे

(नळदुर्ग येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ऊस आहे, सोयाबीन आहे, पीकविमा आहे. सगळ्यात शेवटी एकच शब्द लिहिला आहे, 'मृत्युपत्र'. तो वाचून मघाशी एक वडीलधारे गृहस्थ आम्हाला म्हणाले, "भाव द्यायचा सोडून आम्हाला वर धाडायला निघालात काय रे?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण खरे सांगायचे तर याच हसण्यावारी नेण्याने आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांचे वाटोळे झाले आहे. पीकविमा काढला म्हणून गारपीट होत नाही. तसेच मृत्युपत्र लिहिले म्हणून कोणी मरत नाही. न लिहिता मात्र मरता येते, आणि मग मागे राहिलेल्यांचे हाल होतात.

आपण नळदुर्गात बसलो आहोत. इथल्या लोकांना कागदाचे महत्त्व सांगायला नको. आपला खंडोबा काही महिने अणदूरला राहतो, काही महिने नळदुर्गला. देवळे दोन, मूर्ती एक. मूर्ती न्यायची वेळ आली की दोन्ही गावचे मानकरी बसतात आणि लेखी करार होतो. देव कोणाकडे किती दिवस राहणार, कधी परत यायचा, हे कागदावर येते. म्हणून तर इतकी वर्षे हे विनातक्रार चालले आहे. देवाचा कागद करणारी आपण माणसे, आणि आईचा कागद करायची वेळ आली की म्हणतो, "घरच्या घरात कशाला लिखापढी?"

हे आम्ही दुसऱ्याला शहाणपण शिकवायला बोलत नाही. आमच्याच घरात काय झाले ते आधी सांगतो.

आमच्या एका चुलत्यांची सात एकर जमीन होती. त्यातली तीन एकर वडिलांकडून आलेली आणि चार एकर त्यांनी दुधाच्या पैशातून स्वतः घेतलेली. त्यांना दोन मुलगे, एक मुलगी. येळवसेला शेतात कोप केली, आंबील-भज्जी झाली, पन्नास माणसे जेवून उठली, की चुलते दरवर्षी म्हणायचे, "माझ्या माघारी ही घेतलेली चार एकर हिची. तिनं माझ्याबरोबर शेण काढलंय. कुणी हात लावायचा नाही." पन्नास माणसांनी ते ऐकले. एकानेही म्हटले नाही, की काका, हे लिहून ठेवा. आम्हीही म्हटले नाही.

चुलते गेले. तेराव्याच्या आधीच मुले काकूंना म्हणाली, "आई, तुझं नाव लावून काय करायचं? परत तुझ्या माघारी तीच कटकट. आम्ही सांभाळतोच की." बहिणीला म्हणाले, "तुझं लग्न थाटात केलंय." हक्कसोडपत्र झाले. काकूंनी अंगठा दिला, बहिणीने सही केली. पाच-सहा वर्षांत रस्त्याकडेची चार एकर विकली गेली. आज काकू तीन महिने एका मुलाकडे, तीन महिने दुसऱ्याकडे असतात. देव दोन गावांत राहतो तो मानाने राहतो, कारण त्याचा करार आहे. काकू दोन घरांत राहतात त्या पाहुण्यासारख्या. सूनबाईच्या कपाळावर आठी पडली की पिशवी भरतात.

आणि त्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही कोणाची आहे? आमची आहे. येळवसेला चुलत्यांचा शब्द ऐकलेले आम्ही, सही करताना काकूंना एका शब्दाने विचारले नाही, की काकू, तुमची खुशी आहे का? म्हणून आज हा विषय आम्ही मागून घेतला.

कोणी म्हणेल, मृत्युपत्र असते तरी पोरांनी अंगठा घेतलाच असता. घेतलाही असता. पण तेव्हा काकूंच्या हातात नवऱ्याचा लेखी शब्द असता. "त्यांनी लिहून ठेवलंय, मी मोडणार नाही," एवढे म्हणायला बाईला आधार लागतो. तो आधार म्हणजे मृत्युपत्र.

कायदा बाईच्या बाजूने आहे, कागद नाही

मायबहिणींनो, कायद्याने विधवेला काही मिळत नाही असे समजू नका. महाराष्ट्रातलाच एक खटला सांगतो. १९६० साली एक शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. बायकोला वडिलोपार्जित मिळकतीत किती, यावर भांडण झाले. खालच्या कोर्टाने सांगितले, चोवीस भागांतला एक भाग. उच्च न्यायालयाने सांगितले, चोवीसातले सात भाग. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सात भागांवर शिक्का मारला. हिशोब सोपा होता. नवरा मरण्याआधी वाटणी झाली असती तर नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार वाटे पडले असते. म्हणजे बायकोचा स्वतःचा पाव हिस्सा. शिवाय नवऱ्याच्या पाव हिश्शात सहा वारसांपैकी ती एक, म्हणून आणखी चोवीसावा भाग. सहा आणि एक, सात. बाई जिंकली. पण नवरा गेला १९६० ला आणि शेवटचा निकाल लागला १९७८ ला. अठरा वर्षे! आपल्यातल्या किती जणींच्या अंगात अठरा वर्षे कोर्टाची पायरी चढायचे बळ आहे?

त्यानंतर कायदा आणखी पुढे गेला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हिस्सा देणारा कायदा केला. केंद्राने तो ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर केला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलीचा हा हक्क जन्माने आहे. २००५ साली बाप जिवंत होता की नव्हता, याने फरक पडत नाही.

शेतकरी चळवळीनेही हा प्रश्न कायद्यावर सोडून दिला नव्हता. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपल्या हाताने, हयातीतच, काही जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करावी. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. 'शेतकऱ्याला भीक नको, घामाचे दाम हवे' म्हणणाऱ्याने आपल्याच घरात घाम गाळणारीचे दाम बुडवू नयेत, एवढा साधा त्याचा अर्थ होता. सरकारनेही १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाने नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली. ज्यांनी त्या वेळी हे केले, त्यांच्या घरात आज म्हातारीला कोणी पिशवी भरायला लावत नाही. ज्यांचे राहून गेले, त्यांच्यासाठी मृत्युपत्र ही दुसरी वाट आहे.

मदत म्हणजे काय

आता आम्ही तरुणांशी बोलतो. घरात आजोबा आहेत, आत्या आहे, आई आहे. त्यांना मृत्युपत्र करायला मदत करायची आहे. मदत म्हणजे काय करायचे?

गेल्या काही दिवसांत आम्ही आमच्या आत्याला मदत केली. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, विधवा. तिच्या नावे तीन एकर आणि गावात दोन खणांचे घर. आम्ही डोक्यात मजकूर तयार करूनच गेलो होतो: सगळे मुलाला, कारण तोच शेती करतो. ओसरीवर बसलो. मुलगा, सून, नातवंडे भोवती. आम्ही विचारले, "आत्या, काय लिहायचं?" आत्या म्हणाली, "तुम्ही सांगाल ते." तीन वेळा विचारले, तीन वेळा तेच उत्तर.

मग आम्हाला शहाणपण सुचले. सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. दार लोटले. तरी आत्या गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "हे लिहिलं की आजपासून जमीन कुणाची?"

आम्ही म्हटले, "तुझीच. तू असेपर्यंत तुझीच. विकायची, पेरायची, ठेवायची, सगळा अधिकार तुझा. हे मृत्युपत्र तुझ्या माघारी लागू होतं. आणि उद्या मन बदललं तर फाडून टाक, दुसरं लिही."

ती म्हणाली, "मग लिही. तीन एकर पोराला. घर लेकीला. तिला नवऱ्यानं टाकलंय. भाऊ आज बरा हाय, उद्याचं कुणी सांगावं? तिला परत यायला एक दार पाहिजे."

हे आमच्या डोक्यातल्या मजकुरात कुठेच नव्हते. ओसरीवर विचारून थांबलो असतो, तर आम्ही आमचेच मृत्युपत्र आत्याच्या अंगठ्याने करून घेतले असते.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला एकटे विचारा. ज्याला मिळायचे आहे त्याला त्या खोलीत बसू देऊ नका. यात माणुसकी आहेच, पण कायदाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालच्या एका निकालात सांगितलेले तत्त्व आजही कोर्टे वापरतात: ज्याला मृत्युपत्रातून मोठा लाभ होतो त्यानेच पुढाकार घेऊन ते करून घेतले असेल, तर त्याबद्दल संशय धरला जातो आणि तो संशय दूर करायची जबाबदारी त्याच्यावरच पडते. म्हणजे जो मुलगा घाईने बापाचा अंगठा घेतो, तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

कागद कसा करायचा

आता कामाचे ऐका. लिहून घ्यायचे असेल तर लिहून घ्या.

आधी काय आपले आहे ते पाहा. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. घर पालिकेच्या हद्दीत असेल तर पालिकेचा मालमत्ता उतारा, गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ. बँकेचे पासबुक, सोसायटीचे शेअर, विमा, डागिने, जनावरे, बोअरची मोटार. कर्जही लिहा. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असेल तर जमीन घेणाऱ्याकडे बोजाही जातो. मृत्युपत्राने कर्ज फिटत नाही.

मग जमिनीची जात पाहा. स्वतः विकत घेतलेली जमीन पूर्ण आपली. ती कोणालाही देता येते. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर फक्त आपला हिस्सा देता येतो. मुलामुलींचे हिस्से बापाला मृत्युपत्राने काढून घेता येत नाहीत. "मुलीला काही द्यायचे नाही" असे वडिलोपार्जित जमिनीबद्दल लिहिले तरी मुलीचा स्वतःचा हिस्सा जात नाही. कोणती जमीन कोणत्या जातीची, हे फेरफार वाचूनच कळते आणि तिथे घोटाळा होतो. ही एक गोष्ट वकिलाला विचारा. आपल्या मराठवाड्यात इनामाच्या, कुळाच्या आणि वर्ग दोनच्या जमिनी बऱ्याच आहेत. त्यांच्यावर अटी असतात, त्याही आधी विचारा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना तिथे मोफत सल्ला मिळतो, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो.

कागद साधा चालतो. स्टँप लागत नाही. छापील नमुना लागत नाही. हाताने, मराठीत, घरच्या भाषेत लिहिले तरी चालते. आत्याचे आम्ही असे लिहिले:

"मी, अमुक अमुक, वय ७८, राहणार अमुक, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी केलेले कोणतेही मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे. माझ्या मालकीची गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, चतुःसीमा अमुक ही जमीन माझ्या पश्चात माझा मुलगा अमुक यास पूर्ण मालकी हक्काने मिळावी. माझे घर, मिळकत नंबर अमुक, माझी मुलगी अमुक हीस पूर्ण मालकी हक्काने मिळावे. मुलीला घर का दिले याचे कारण, तिला दुसरा आसरा नाही. हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते मला समजले व मान्य आहे."

यातले दोन शब्द नीट पाहा: 'पूर्ण मालकी'. पुष्कळ नवरे लिहितात, "जमीन बायकोने हयातीपर्यंत खावी, नंतर मुलांना जावी." नवऱ्याला वाटते, आपण बायकोची सोय केली. पण असे लिहिले की ती बाई मालकीण राहत नाही, राखणदार होते. दुखण्याला पैसा लागला तरी तिला गुंठा विकता येत नाही. बायकोला द्यायचे असेल तर पूर्ण द्या. तिचे ती तिच्या मृत्युपत्रात ठरवील. आणि कोणाला कमी दिले असेल तर कारण दोन ओळींत लिहा. कारण लिहिलेले असले की भांडणाची धार कमी होते.

मग सही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदार हवेत. त्यांनी ती सही किंवा अंगठा करताना पाहिलेला असावा, आणि त्यांनी आपल्या सह्या करणाऱ्याच्या समोर कराव्यात. १९२५ च्या वारसा कायद्याचे हे मुख्य सूत्र आहे आणि इथेच बहुतेक मृत्युपत्रे फसतात. कागद संध्याकाळी घरोघर फिरवून सह्या घेतल्या तर तो कागद कोर्टात टिकत नाही. साक्षीदार म्हणून ज्याला काही मिळणार आहे तो नको, त्याची बायकोही नको. साक्षीदार वयाने तरणा बघा. उद्या वाद झाला तर जिवंत असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात येऊन सांगावे लागते. आजोबांच्या बरोबरीचे मित्र साक्षीदार घेतले तर आजोबांच्या आधीच ते जायचे! वय जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडून 'शुद्धीत आहे' असा दाखला घ्या. अंगठा असेल तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि तसे कागदावर लिहा. प्रत्येक पानावर सही हवी.

नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी न केलेले मृत्युपत्रही कायदेशीर असते. तरी आमचा सल्ला, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. फी किरकोळ आहे. अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर अर्ज केल्यावर निबंधकाला घरी येऊनही नोंदणी करता येते. मजकूर कोणाला कळू द्यायचा नसेल तर बंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. नोंदवलेला कागद सरकारी दप्तरात राहतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. ज्या घरांचे दगडमातीचे ढीग झाले, तिथे पत्र्याच्या पेटीतल्या कागदाचे काय होते हे उमरगा-लोहाऱ्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

आमच्या मुसलमान भावाबहिणींसाठी नियम वेगळा आहे. त्यांना मय्यतीचा खर्च आणि कर्ज वजा जाता मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच वसियत करता येते, आणि वारसाला वसियतीने द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. आम्ही वर सांगितले ते हिंदू, लिंगायत, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. एकटे विचारा, दडपण आणू नका, हा पहिला नियम मात्र सगळ्यांना सारखा.

तीन फसवे समज

पहिला समज, "बँकेत नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही." नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. मालक कोण, हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली विम्याच्या पैशाबद्दलही असेच सांगितले होते.

दुसरा समज, "मृत्युपत्र कशाला, आताच बक्षीसपत्र करून देऊ, पोरगा खूश राहील." बक्षीसपत्र केले की जमीन त्याच दिवशी गेली. मग तुम्ही स्वतःच्याच बांधावर पाहुणे. ज्यांनी असे दिले आणि पोरांनी पाठ फिरवली, त्यांच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले असेल आणि सांभाळले नाही, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते रद्द करून घेता येते. म्हणून द्यायचेच असेल तर ती अट बक्षीसपत्रात लिहा. पण हातचे सोडून मागे धावण्यापेक्षा हातात ठेवलेले बरे. जेवायच्या आधी ताट दुसऱ्याला देऊन मोकळे होऊ नका.

तिसरा समज, "मृत्युपत्र झाले की सातबाऱ्यावर नाव आपोआप लागते." लागत नाही. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन अर्ज करायचा. फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकत आली तर चौकशी होते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आपल्या भागातल्या जमिनीसाठी कोर्टातून प्रोबेट आणायची सक्ती नाही. पण मृत्युपत्र खरे की खोटे असा वाद उभा राहिला, तर त्याचा निकाल दिवाणी कोर्टच देते. फेरफाराने मालकी ठरत नाही. म्हणून तर साक्षीदार नीट निवडायचे.

आता आपण काय करायचे

भावांनो, आपण सगळे आयुष्य एकच तक्रार करतो, की आमच्या मालाचा भाव दुसरा ठरवतो, आम्हाला कोणी विचारत नाही. मग घरात म्हाताऱ्या आईच्या जमिनीचे आपण काय करतो? तिला विचारत नाही, आपणच ठरवतो. व्यापारी आपल्याशी जसा वागतो तसेच आपण तिच्याशी वागतो, आणि वर म्हणतो, "आई, तुला काय कळतंय?" तिला सगळे कळते. आत्याला कळत होते, लेकीला दार लागेल म्हणून. काकूंनाही कळत होते. त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

मायबहिणींनो, तुमच्या नावावर अर्धा एकर असो, चार पाटल्या असोत, शेळी असो. तुम्हीही मृत्युपत्र करा. ते फक्त पुरुषांचे काम नाही. १९५६ च्या कायद्याने बाईच्या नावावरची मिळकत तिची पूर्ण मालकीची आहे. तिला मूलबाळ नसले, नवराही नसला आणि तिने काही लिहून ठेवले नाही, तर तिने स्वतः कमावलेली मिळकतही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या माहेरी नाही. जिला हे नको असेल तिने एक कागद करावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दोन गोष्टी आणायच्या. एक, घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्या नावचा सातबारा आणि आठ-अ. दोन, ते माणूस स्वतः, चालता येत असेल तर. ओळखीच्या वकिलांना बसवायची जबाबदारी आमची. वडीलधाऱ्यांना वेगळ्या खोलीत एकेकटे बसवू. मुले बाहेर बसतील, चहा पितील. आत काय ठरले ते त्यांनी विचारायचे नाही.

आणि यापुढे कोणी तुम्हाला हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून बोलावले, तर जरूर जा. पण सही करण्याआधी त्या बाईला बाजूला घ्या आणि तिला विचारा, "तुमची खुशी आहे का?" तिने मान खाली घातली तर पेन खिशात ठेवा आणि घरी या. आम्ही हे त्या दिवशी केले नाही. काकू आजही आम्हाला कधी बोलून दाखवत नाहीत. दिवाळीला गेलो की चहा ठेवतात, आणि जाताना एवढेच विचारतात, "आत्याचं लिहून झालं का रे?"

झाले, काकू. नोंदही झाली. तुमच्या वेळेला जे चुकले ते आमच्याने भरून निघणार नाही. दुसऱ्यांच्या घरी तेच चुकू नये, एवढेच आज मागायला इथे उभे राहिलो होतो.